दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं व्हॅनिला योगर्ट: चव नीट कशी बघायची

स्टोअर ब्रँड म्हणजे स्वस्तातलं आणि स्वस्तातलं म्हणजे चवीला कमीच असणार, हे आपण झाकण उघडायच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं. उलटपण होतं बरं का, पैसे वाचले या खुशीत साधारण चवसुद्धा भारी वाटायला लागते. त्यामुळे डबा समोर दिसत असताना जी काही चव लागली ती धरायचीच नाही. आणि बऱ्याचदा असलं योगर्ट एखादी मोठी डेअरीच दुकानासाठी बनवून देते, वर फक्त लेबल दुकानाचं, मग नावावरून काय कळणार.

तुलनेला एक नेहमीचं, माहितीतलं व्हॅनिला योगर्ट घ्या. पण एक बघा, दोन्ही एकाच प्रकारचं हवं. एक ग्रीक टाइपचं पाणी काढून घट्ट केलेलं आणि दुसरं साधं असं घेतलं तर तुम्ही ब्रँड नाही, प्रकार तपासताय. फॅटपण जवळपास सारखं पाहिजे, लो फॅट विरुद्ध फुल फॅट लावलं तर निकाल आधीच ठरलेला. तारखासुद्धा बघून घ्या कारण फ्रीजमध्ये ठेवलं तरी योगर्टमधले बॅक्टेरिया हळूहळू ॲसिड बनवतच राहतात, म्हणजे एक्सपायरी जवळ आलेला डबा ताज्यापेक्षा आंबटच लागणार आणि त्यात ब्रँडचा काही दोष नाही.

फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. अगदी गार असताना गोडवा कमी जाणवतो आणि वासपण दबून राहतो, आणि व्हॅनिलाचा सगळा खेळ वासाचा आहे. (पटत नसेल तर नाक चिमटीत धरून एक चमचा खाऊन बघा, फक्त गोड-आंबट लागेल, नाक सोडलं की व्हॅनिला एकदम येईल.) दात घासल्या घासल्या, कॉफी पिऊन किंवा तिखट खाऊन बसू नका. टूथपेस्टमधल्या फेसवाल्या पदार्थामुळे काही वेळ गोड कमी आणि कडू जास्त लागतं.

आता मुख्य काम, आणि यात शॉर्टकट मारू नका. तीन सारख्या वाट्या घ्या, घरातल्या कुणाला तरी सांगा की दोनमध्ये एकच योगर्ट घाल आणि तिसरीत दुसरं, कुठलं दोनदा घालायचं ते त्याचं तो ठरवेल, वाट्यांना खाली काहीतरी नंबर चिकटव, १-२-३ नको कारण एक नंबर म्हटलं की तोच चांगला वाटायला लागतो, ४७१, ८२६ असले कुठलेही. तुम्ही फक्त वेगळी वाटी कुठली ते ओळखायचं. याला ट्रँगल टेस्ट म्हणतात, फूड कंपन्यांमध्येपण हेच करतात. अंदाजपंचे सांगितलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून एकदा जमलं म्हणून खूश होऊ नका, वाट्या बदलून परत करा. सलग तीनदा बरोबर आलं तर ते नुसत्या नशिबाने व्हायची शक्यता २७ मध्ये १, म्हणजे फरक बहुतेक खराच आहे. आणि फरक ओळखूच येत नसेल तर मग स्वस्तातलं घ्या, पुढचं वाचायची पण गरज नाही खरं तर.

फरक कळला तर काय वेगळं आहे ते शोधायचं. आधी न ढवळता बघा. वर थोडं पाणी सुटलेलं असेल तर ते बिघडलेलं नसतं, ढवळून टाका. मग वास, मग अर्धा चमचा तोंडात घेऊन जिभेवर फिरवा, लगेच गिळू नका. चांगल्याला आधी थोडा दह्याचा आंबटपणा, मग गोड, आणि गिळल्यावर व्हॅनिला मागे रेंगाळतं. हलक्या क्वालिटीत उलटं असतं, पहिल्यांदा गोडाचा धक्का आणि दहा सेकंदांनी काहीच नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे एक विचित्र गोडी जिभेवरून जातच नाही. ती बहुतेक स्टीव्हिया किंवा सुक्रालोजसारख्या स्वीटनरची, लेबलवर सापडेल. टेक्स्चरकडे लक्ष द्या: पिठूळ लागलं तर स्टार्च, जेलीसारखं थरथरतंय तर जिलेटिन किंवा पेक्टिन (जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, म्हणून शाकाहारी असाल तर ते आहे का हे चाखायच्या आधीच कुणाकडून तरी लेबलवर तपासून घ्या). दोन योगर्टच्या मध्ये साधं पाणी आणि ब्रेडचा तुकडा, आणि एका बैठकीत तीन-चारच्या वर नको, नंतर जीभ गोडाला सरावते आणि सगळं सारखंच लागतं.

मतं एकमेकांना न सांगता आधी लिहायची. एकजण "ईई किती गोड" म्हणाला की बाकीच्यांनापण ते गोडच लागतं, हे अगदी हमखास.

लेबल यानंतर. साखरेचा आकडा १०० ग्रॅमला किती तोच बघा, कारण सर्व्हिंग प्रत्येकाची वेगळी. दुधाची स्वतःची साखर असतेच, बिनसाखरेच्या साध्या योगर्टमध्येसुद्धा साधारण ४-५ ग्रॅम निघते, म्हणजे डब्यावर १३ असेल तर आठेक ग्रॅम वरून घातलेली. माझ्या मते स्टोअर ब्रँड फसतात ते इथे, व्हॅनिला कमी पडलं की साखरेने भरून काढतात. काळे ठिपके बघून हुरळून जाऊ नका, अर्क काढून झालेल्या व्हॅनिलाच्या शेंगांच्या बियाही नुसत्या दिसण्यासाठी घालता येतात. नुसतं फ्लेवर लिहिलेलं असेल तर बहुधा व्हॅनिलिन, जे १८७४ पासून कारखान्यात बनवता येतं. खऱ्या शेंगेतपण मुख्य वास त्याचाच, पण सोबत बाकीचे शेकडो घटक असतात म्हणून तिची चव जरा खोल लागते. तरी गार, गोड योगर्टमध्ये तो फरक पुष्कळांना कळत नाही, त्यामुळे व्हॅनिलिन आहे म्हणून लगेच नाकारू नका.

आवडलं तरी पुढच्या वेळी वेगळ्या तारखेचा डबा आणून एकदा परत चाखा, दुकानाने बनवणारी डेअरी बदलली तरी लेबल बऱ्याचदा तेच राहतं.