पाळीव साप पेटीतून निसटला तर : या चुका टाळा

ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सेन मत्स्यालयात नुकताच आणलेला एक नागराज (किंग कोब्रा) काचेच्या पेटीतून निसटला. वरच्या दिव्याच्या खोबणीतून तो बाहेर पडला होता. त्या जागी पूर्वी असलेला दिवा इतका तापत असे की कोणताही साप त्याच्याजवळ जात नसे. पुढे वीज वाचावी म्हणून फारसा न तापणारा दिवा बसवण्यात आला आणि दिवा व खोबण यांच्यामधल्या जागेत डोके खुपसून सापाने वाट काढली. शोधासाठी क्ष-किरण यंत्रे आणावी लागली. साधारण आठवड्याभराने साप आपण होऊन पेटीत परतला. तोवर, बंदिस्त पेट्यांतून निसटून दाखवणाऱ्या प्रसिद्ध जादूगारावरून, त्याचे नाव हुडिनी पडलेले होते.

घरी पाळला जाणारा कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन बिनविषारी असतो, त्यामुळे इतका गहजब होत नाही. निसटण्याची कारणे मात्र याच प्रकारची असतात, आणि साप सापडण्याला उशीर होतो तो पुष्कळदा त्याच्या हुशारीमुळे नव्हे, तर पहिल्या काही तासांत मालकाने केलेल्या चुकांमुळे. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलेही आता हे साप पाळू लागली आहेत, आणि पुण्या-मुंबईतही हा छंद आला आहे. येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. धामण, मांडूळ, अजगर, नाग यांसारखे देशी साप घरात पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, साइटिस या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत नोंद असलेल्या विदेशी जातींची नोंदणी २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. पुढील मजकूर अशा रीतसर पाळलेल्या विदेशी सापांपुरताच आहे.

पेटीतल्या चुका

झाकणावर वजन ठेवणे ही सर्वांत जुनी चूक होय. जाळीच्या झाकणावर एखादा जाडजूड शब्दकोश ठेवला की काम झाले, असे समजले जाते. कॉर्न स्नेक मात्र झाकणाच्या मध्यभागी जोर लावत बसत नाही. तो कोपऱ्यात उभा राहतो, नाक कडेला लावतो आणि रात्रभर थोडे थोडे रेटत राहतो. वजन मधोमध असल्यामुळे कोपरा बोटभर उचलला जातो आणि तेवढे त्याला पुरते. झाकणाला चारही बाजूंनी क्लिपा हव्यात, आणि लांब पेटी असेल तर लांबीच्या बाजूला मध्येही एक हवी, कारण जाळीची चौकट तिथेच वाकते.

सरकत्या काचांच्या पेटीत धोका दोन काचा एकमेकींवर येतात तेथे असतो. मोठा साप त्या फटीतून जात नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीचे पिल्लू मात्र सहज जाते. ‘मोठे होईलच’ म्हणून पिल्लाला पहिल्या दिवसापासून प्रौढ सापाच्या पेटीत ठेवणाऱ्यांना हा अनुभव लवकर येतो. वायरींसाठी पाडलेली भोके, हवेसाठीच्या जाळ्या आणि दिव्यांच्या खोबणी यांचाही हिशेब पिल्लाच्या डोक्याच्या मापाने करावा. ज्या भोकातून डोके जाते त्यातून बहुधा बाकीचे अंगही जाते. नुकताच उंदीर गिळलेला असेल तर ते मध्येच अडकते आणि इजा होते, हे अधिक वाईट.

याखेरीज उरते ते कुलूप न लावणे. पाणी बदलताना फोन वाजतो, काच अर्धी सरकवलेली राहते आणि सकाळी पेटी रिकामी दिसते. काच लावल्यावर कुलूप घालून एकदा ओढून पाहण्याची सवय हाताला लागली पाहिजे. दिवा, हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) किंवा थर्मोस्टॅट (तापमान मर्यादेत ठेवणारे उपकरण) बदलल्यावर त्या दिवशी पेटीची प्रत्येक कड बोटाने तपासावी.

पण ज्या पेटीतून साप रोज रात्री बाहेर पडण्याचा प्रयत्न करतो, तिथे केवळ कुलूप घट्ट करणे म्हणजे अर्धाच उपाय झाला. बॉल पायथन स्वभावाने आळशी, दिवसभर लपून राहणारा साप आहे. तो अस्वस्थपणे काचेवर चढत असेल तर बहुधा उष्णता, ओलावा किंवा लपण्याची जागा यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. त्याला उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला २५ ते २७ अंश तापमान लागते, आणि दोन्ही बाजूंना अंग चेपून बसता येईल अशी अरुंद लपणी लागतात. कॉर्न स्नेक मुळातच भटक्या असतो, त्यात नर वसंतात मादीच्या शोधात अधिकच फिरतो. कारण न शोधता नुसते झाकण आवळले तर साप नाकाचा शेंडा सोलवटून घेतो, आणि पहिली ढिलाई मिळताच निघून जातो.

पहिल्या तासातल्या चुका

पेटी रिकामी दिसताच घर शोधायला धावणे ही चूक इतकी सर्रास होते की अनुभवी पाळणारे मदतीला आले की आधी पेटीच रिकामी करायला लावतात. नारळाच्या भुशाच्या थराखाली, पाण्याच्या भांड्याखाली, पोकळ ओंडक्यात, पाठीमागच्या सजावटीच्या फळीमागे साप सापडतो आणि घरचे ओशाळतात. पेटीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढून भुसा हाताने चाळल्याखेरीज साप निसटला असे म्हणू नये.

तो खरोखरच बाहेर असेल तर प्रथम खोल्या बंद कराव्यात. दारांखालच्या फटींत टॉवेल गुंडाळून घट्ट बसवावेत, न्हाणीघर आणि मोरीच्या जाळ्या झाकाव्यात, कमोडचे झाकण पाडून त्यावर काही ठेवावे. कुत्रा-मांजर दुसरीकडे न्यावे. कपडे धुण्याचे यंत्र आत पाहिल्याशिवाय सुरू करू नये, आणि मागे रेलणारी खुर्ची किंवा सोफा-कम-बेड तपासेपर्यंत उघडू-मिटू नये; त्याच्या आतल्या लोखंडी सांगाड्यात साप चिरडले जातात. उंदरांसाठी ठेवलेले चिकट सापळे ताबडतोब उचलावेत. साप त्यावर अडकलाच तर ओढू नये. स्वयंपाकाचे तेल थोडे थोडे सोडत तो सुटा करावा आणि नंतर पशुवैद्याला दाखवावा.

दुसरा गैरसमज असा की साप आतापर्यंत फार लांब गेला असेल. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातून इजिप्शियन नागाचे एक जेमतेम वीस इंचांचे पिल्लू नाहीसे झाले, तेव्हा ते शहरभर फिरत असल्याच्या गमती समाजमाध्यमांवर रंगल्या होत्या. प्रत्यक्षात सुमारे आठवड्याने ते त्याच सरीसृपगृहाच्या लोकांसाठी बंद असलेल्या भागात सापडले. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील बॅटन रूज शहरात एका मॉलमधील मत्स्यालयातून बारा फुटी बर्मीज अजगर निसटला, तोही दोन दिवसांनी त्याच मॉलच्या भिंती-छताच्या पोकळीत मिळाला. साप मोकळ्या जमिनीवरून जाणे टाळतो, भिंतीच्या कडेकडेने सरकतो आणि अंगाला दोन्हीकडून स्पर्श होईल अशी पहिली उबदार, अंधारी जागा मिळाली की थांबतो. म्हणून शोध पेटीपासून सुरू करून भिंतीच्या कडेने पुढे न्यावा. वाटेल तिथून सुरुवात करू नये.

फ्रिजच्या मागे खाली कॉम्प्रेसरजवळ, सेट-टॉप बॉक्स आणि राउटरच्या मागे, इन्व्हर्टरच्या खाली, संगणकाच्या कॅबिनेटजवळ, पुस्तकांच्या रांगेमागे, कपाटाच्या खणांच्या मागच्या पोकळीत, पडद्याच्या चुण्यांत आणि बुटांत पाहावे. सोफा मात्र उलटा करूनच पाहावा. त्याच्या तळाला पातळ काळे कापड पिनांनी मारलेले असते, आणि जुन्या सोफ्यात ते एखाद्या कोपऱ्यात सुटलेले असते. साप तेवढ्यातून वर चढतो आणि लाकडी पट्टीवर किंवा त्या कापडावरच विसावतो. कापडाला खालून तळहाताने हलके चाचपले की झोळ जाणवतो. तिथे कापड कापावे, पण हात न घालता टॉर्चने पाहून.

शोधाच्या पद्धतीतल्या चुका

दिवसभर घर उलथेपालथे करून रात्री दमून झोपणे हे नेमके उलटे वेळापत्रक झाले. बॉल पायथन रात्री बाहेर पडतो आणि कॉर्न स्नेकही संध्याकाळनंतर व रात्री अधिक फिरतो. त्यामुळे दिवे मालवून, घर शांत झाल्यावर, ठरावीक अंतराने टॉर्च घेऊन भिंतींच्या कडा पाहाव्यात. झोपण्यापूर्वी दारांच्या उंबऱ्यांवर आणि भिंतीलगत मैद्याचा पातळ पट्टा पसरावा, म्हणजे साप कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत गेला हे नागमोडी रेघेवरून कळते. चुरगळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या कडेने टाकल्या तर त्यांची खसखस ऐकू येते. घरात मुंग्या असतील तर मैदा सकाळी लगेच झाडून काढावा.

सापाला शोधण्यापेक्षा त्याला बोलावणे अनेकदा सोपे जाते. खोली शक्य तितकी थंड ठेवून एका कोपऱ्यात थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट, तिच्यावर त्याचेच ओळखीचे लपणे आणि शेजारी पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. आमिष म्हणून गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून लपण्याजवळ ठेवता येतो, परंतु आपल्याकडच्या हवेत तो काही तासांत खराब होतो आणि मुंग्या आधी येतात, तेव्हा रात्रीच ठेवून सकाळी काढावा. ब्राँक्समध्ये उंदरांचा वास लागलेला लाकडाचा भुसा पसरला होता. तो उपाय घरीही चालतो. जिवंत उंदीर मोकळा सोडू नये. भुकेला नसलेल्या सापाला तो कुरतडतो आणि पुढे घरात दोन प्राणी शोधावे लागतात.

चार दिवसांत हार मानणे हीदेखील चूकच आहे. निरोगी प्रौढ साप अन्नावाचून अनेक आठवडे राहतो. त्याला अडते ते पाण्यावाचून. त्यामुळे पाणी आणि उबदार लपणे महिनाभर तरी जागचे हलवू नये.

लपवाछपवी, आणि महाराष्ट्रातली एक वेगळी अडचण

शेजाऱ्यांना कळले तर गोंधळ होईल म्हणून गप्प बसणारे मालक सापाचाच जीव धोक्यात घालतात. जून २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रॅली शहरात एका घराच्या ओसरीवर विषारी झीब्रा कोब्रा दिसला आणि दोन दिवसांनी पकडला गेला. तो आदल्या नोव्हेंबरपासूनच बेपत्ता होता आणि मालकाने ते कळवले नव्हते, हे नंतर उघड झाले. बिनविषारी सापाबद्दल एवढी भीती नको, हे खरे. पण पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या जिन्यात अनोळखी नक्षीचा साप दिसला तर आधी काठीच येते. सुरक्षारक्षकाला आणि त्याच मजल्यावरच्या घरांना सापाचे छायाचित्र द्यावे, जवळच्या सर्पमित्राला सांगून ठेवावे आणि गरज पडल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

त्याहून गंभीर धोका मालकाच्या स्वतःच्या हाताला असतो. पावसाळ्यात तळमजल्याच्या घरांत बाहेरचे सापही येतात. अंधारात कपाटाखाली दिसलेला जाडसर, तपकिरी ठिपक्यांचा साप आपला बॉल पायथनच आहे असे समजून हात घालणाऱ्यासमोर घोणस असू शकते. भिंतीवर चढणारा पट्ट्यापट्ट्यांचा साप बहुतेकदा कवड्या असतो, पण तो मण्यार नाही हे टॉर्चच्या उजेडात ठरवणे नवख्याला जमत नाही. लांबट, बदामी रंगाचा तस्कर कॉर्न स्नेकच्या जवळचा वाटतो. तो निरुपद्रवी असला तरी आपला नव्हे, आणि पेटीत ठेवण्याचा तर नव्हेच. पूर्ण डोके आणि पाठीवरची नक्षी उजेडात ओळखू येईपर्यंत सापाला हात लावू नये. शंका असेल तर बादली किंवा टब पालथा घालण्याचाही मोह टाळून खोली बंद करावी आणि सर्पमित्राची वाट पाहावी. दंश झालाच तर साप शोधत न बसता थेट रुग्णालयात जावे.

‘बाहेर गेला असेल, सुखी असेल’ हे म्हणणे मला सर्वांत बेजबाबदार वाटते. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर सुटलेल्या किंवा सोडून दिलेल्या पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेकची संतती आज तिथल्या स्थानिक सरड्यांचा फडशा पाडत आहे, आणि फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशातल्या प्राण्यांची बर्मीज अजगरांनी अशीच गत केली आहे. सांभाळणे जमत नसेल तर साप दुसऱ्या नोंदणीकृत पाळणाऱ्याकडे कायदेशीर हस्तांतर करून द्यावा.

सापडल्यानंतर

साप मिळाला की आनंदाने लगेच उंदीर देऊ नये. अंगावर भाजल्याच्या, खरचटल्याच्या खुणा, खवल्यांखाली गोचिडी आणि कात अडकलेली आहे का ते पाहावे, वजन करावे, आणि कोमट, उथळ पाण्यात काही मिनिटे देखरेखीखाली ठेवावे. थंड फरशीवर अनेक रात्री काढलेल्या सापाला श्वसनाचा संसर्ग होऊ शकतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकपुडीशी बुडबुडे किंवा घरघर दिसली तर सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. तसे काही नसेल तर तीन-चार दिवस हात न लावता राहू द्यावे आणि मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे.

हे दिवस त्याला जुन्या पेटीत मात्र काढू देऊ नयेत. भोके पाडलेल्या, कडीच्या प्लास्टिकच्या डब्यात, खाली अर्ध्या भागाला थर्मोस्टॅटवरची हीट मॅट लावून त्याची सोय करावी. मधल्या काळात रिकाम्या पेटीत दिवा लावून खोलीत अंधार करावा: ज्या ज्या फटीतून उजेडाची रेघ बाहेर येते तेथे पिल्लाच्या डोक्याएवढ्या जाडीची पेन्सिल घालून पाहावी, आणि पेन्सिल आत गेली तर ती फट बुजवल्याखेरीज साप परत ठेवू नये.