देवाशी एकनिष्ठ राहाचं तर हे करा

रविवारी चर्चमधे गायचं आन सोमवारी पेरणीचा मुहूर्त विचारायले जायचं, हे काही खरं नाही. बायबलातल्या मत्तय 6:24 मधे येशू साफ सांगते का दोन धन्यांची चाकरी होत नाही, आन तिथं दुसरा धनी म्हणजे पैसा हाय बरं. म्हणून सकाळी मोबाईल पाहाच्या आधी प्रार्थना करा. कापूस विकला का देवाचा वाटा पहिले बाजूले काढा, मंग बाकीचा खर्च, नाहीतर उरतच नाही. आन वजन वाढवाले कापसावर पाणी मारत असाल तर ते आजच बंद करा, सगळ्यात अवघड हेच हाय कारण सगळेच करतेत. शेजाऱ्याच्या लग्नात जा, वाढायले उभे राहा, फक्त पूजेले बसवलं तर प्रेमानं नाही म्हणा, भांडू नका.