ग्रंथींचा धडा तोंडी परीक्षेआधी काढताना

तोंडी परीक्षेत ग्रंथी येणार म्हटलं की पहिला हात जातो तो संप्रेरकांच्या, म्हणजे हॉर्मोनच्या, तक्त्याकडे. तो तूर्त मिटून ठेवा. टेबलावर कोरा कागद, दोन रंगांच्या पेन्सिली, हातआरसा आणि ऊतींची चित्रं असलेलं पुस्तक एवढं घ्या.

आधी कागदावर पेशींचा एक सपाट थर काढा आणि तो मध्येच खाली खचलेला दाखवा. बहुतेक ग्रंथी अशाच सुरू होतात. वरच्या थराशी असलेली वाट उघडी राहिली तर ती नलिका झाली आणि ग्रंथी बहिःस्रावी. वाट बुजली, तर आतल्या पेशींना स्राव टाकायला रक्ताशिवाय जागाच उरत नाही, ती अंतःस्रावी. म्हणून दुसऱ्या रंगाने तिच्याभोवती केशवाहिन्यांचं दाट जाळं काढायला विसरू नका. याचा नमुना म्हणजे अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड. गर्भात ती जिभेच्या मुळाशी उगवते, गळ्यात उतरते आणि मागची नळी विरून जाते. जिभेवर मागे उरतो तो एक लहानसा खळगा. परीक्षकांना हा खळगा फार आवडतो, असा माझा अनुभव आहे.

आता आरसा. गाल बाहेर ओढून वरच्या दुसऱ्या दाढेसमोर पाहा, मऊ उंचवटा दिसेल. कानापुढच्या परोटिड लाळग्रंथीची नळी तिथे उघडते. जिभेवर आंबट काही ठेवलं की त्या जागी ओल जमताना दिसते. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात जिभेखालच्या आणि जबड्याखालच्या जोड्यांचाही वाटा असतो. लाळेच्या पेशी स्राव पिशव्यांतून बाहेर सोडतात आणि स्वतः शाबूत राहतात. त्वचेच्या तैलग्रंथीत मात्र अख्खी पेशी फुटून तीच स्राव होते. हा फरक एका ओळीत सांगता आला की पुढे चला.

स्वादुपिंडावर वेळ घालवा, कारण एकाच अवयवात दोन्ही कारखाने आहेत. बहुतेक भाग पाचक विकर (एन्झाइम) बनवतो आणि नळीने लहान आतड्यात धाडतो. प्रथिनं पचवणारे विकर बनताना निष्क्रिय असतात, आतड्यात पोचल्यावर जागे होतात. नाहीतर स्वादुपिंडाने स्वतःलाच पचवलं असतं. या पसाऱ्यात फिकट रंगाची बेटं विखुरलेली दिसतात, वजनाने जेमतेम एक-दोन टक्के. पॉल लांगरहान्स यांनी १८६९ साली, विद्यार्थी असताना, त्यांचं वर्णन केलं. ती काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. या बेटांतल्या बीटा पेशी रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिन देतात, अल्फा पेशी ती चढवणारं ग्लुकागॉन. इथेच बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांचा १९०२ चा प्रयोग जोडून ठेवा: आतड्याच्या तुकड्याचे मज्जातंतू तोडले, त्यात आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंड पाझरलंच. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरला.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिकेचं (पिट्युटरीचं) चित्र दोन रंगांतच काढा. वाटाण्याएवढी असली तरी तिचा पुढचा भाग गर्भातल्या तोंडाच्या छतापासून आलेला असतो आणि मागचा मेंदूपासून. मागचा भाग स्वतः काही बनवत नाही. तिच्या वरच्या मेंदूच्या भागात, अधश्चेतकात (हायपोथॅलॅमसमध्ये), बनलेली दोन संप्रेरकं, ऑक्सिटोसिन आणि मूत्र आटवणारं एडीएच, साठवतो आणि सोडतो. ‘मागच्या पीयूषिकेत काय तयार होतं?’ हा प्रश्न सापळा आहे. मी त्यात सापडलो होतो, आणि समोरचे परीक्षक मिनिटभर शांत बसून राहिले होते.

मग अवटूकडे परत या. चित्रात गोल पुटकुळ्या आणि आत गुलाबी चिकट द्रव दिसेल. अवटू आपला माल पेशीबाहेर साठवते, हे तिचं वेगळेपण. तिची दोन संप्रेरकं टी४ आणि टी३: टी४ मध्ये आयोडीनचे चार अणू, टी३ मध्ये तीन. टी४ कमी पडलं की पीयूषिका टीएसएच, म्हणजे अवटूला कामाला लावणारं संप्रेरक, वाढवते. टीएसएच वाढलेलं पाहून ‘थायरॉइड वाढलंय’ म्हणणारे घरोघरी असतात. तुम्ही तसं म्हणू नका, बहुतेक वेळा ते उलट असतं. अवटूच्या पाठीला साधारण चार परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी चिकटलेल्या असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम वाढवतात.

मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्काला (ॲड्रिनल ग्रंथीला) फार वेळ नको: बाहेरचं कवच स्टेरॉइड बनवतं, आतला गाभा ॲड्रेनालिन. यकृताला ग्रंथी म्हणायला कचरू नका, शरीरातली सर्वांत मोठी तीच. गळ्यात लागणाऱ्या लसिका गाठी मात्र यादीतून खोडा. त्या काही स्रवत नाहीत.

आता मिटलेला तक्ता उघडा. प्रत्येक ओळीसमोर त्या संप्रेरकाची वाढ कोण थांबवतं ते स्वतःच्या हाताने लिहा, आणि जिथे पेन अडेल तेवढंच रात्री पुन्हा वाचा.