बारीक घेराची सिगारेट घडवताना: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सिगारेट कारखान्याच्या प्रॉडक्ट डेव्हलपमेंट विभागात नव्याने आलेल्या माणसाला सांगितले जाणारे काम एका ओळीत मावते: घेर कमी करा, तंबाखू वाचवा, पण सिगारेट शेवटपर्यंत एकसारखी जळली पाहिजे. या ओळीतला ‘पण’ किती महाग पडतो हे सांगणारे त्या वेळी जवळपास कोणी नसते. मी केमिकल इंजिनीअरिंग करून या विभागात आले तेव्हा मलाही ते कोणी सांगितले नव्हते. ब्लेंड (पानांचे मिश्रण), केसिंग (तंबाखूवर दिला जाणारा चवीचा द्रव), फिल्टर टो (फिल्टरचे तंतू), पीएमडी (पान तयार करणारा विभाग) आणि एसएमडी (सिगारेट बनवणारा विभाग) यांची ओळख तुम्हाला आहे असे धरून मी लिहीत आहे, त्यामुळे प्राथमिक गोष्टींवर वेळ घालवणार नाही.

बारीक सिगारेट ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकेत १९६८ मध्ये ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ आली तेव्हा तिचा घेर २३ मिलिमीटर होता, म्हणजे नेहमीच्या सिगारेटपेक्षा किंचितच कमी. खरी उडी १९८७ च्या ‘कॅप्री’ने मारली, तिचा घेर १७ मिलिमीटरच्या आसपास होता. कोरियात १९९६ पासून ‘एस्से’ने याच मापाची मोठी बाजारपेठ उभी केली. बारीक सिगारेट ही बायकांची, ही समजूत जाहिरातवाल्यांनी रुजवली आणि ती कारखान्यांतही शिरली. विभागात मी एकटीच बाई असल्यामुळे प्रत्येक नमुना ‘मॅडमना कसा वाटतो’ हे विचारायला माझ्याकडे येत असे. मी सिगारेट ओढत नाही, हे उत्तर कोणालाही पुरेसे वाटत नसे.

आता भूमितीकडे वळू. नेहमीच्या सिगारेटचा घेर सुमारे २४.५ मिलिमीटर आणि व्यास ७.८ मिलिमीटर असतो. १७ मिलिमीटर घेराच्या सिगारेटचा व्यास ५.४ मिलिमीटर भरतो. घेर ६९ टक्क्यांवर आला की काटछेदाचे क्षेत्रफळ ४८ टक्क्यांवर येते, म्हणजे घनता तीच ठेवली तरी तंबाखू निम्म्याहून कमी लागते. व्यवस्थापनाला हा आकडा फार आवडतो. मात्र आपल्याकडे सिगारेटवरचा कर हजार नगांमागे आणि लांबीच्या टप्प्यांनुसार आकारला जात आला आहे, त्यात घेराला स्थान नाही. म्हणून बचत पानाच्या खर्चात होते, करात होत नाही, हे पहिल्याच बैठकीत आकड्यांनिशी मांडून ठेवा. नाहीतर वर्षअखेरीस अपेक्षाभंगाचे खापर तुमच्या डिझाइनवर फुटेल.

क्षेत्रफळ निम्मे झाल्यावर दोन गोष्टी आपोआप बदलतात. स्मोकिंग मशीनचा प्रमाणित झुरका ३५ मिलिलिटरचा, दोन सेकंदांचा आणि मिनिटाला एक असा असतो. तेवढीच हवा निम्म्या वाटेने ओढली जात असल्याने तिचा वेग दुपटीने वाढतो आणि ड्रॉ रेझिस्टन्स, म्हणजे झुरका ओढताना होणारा अडथळा, चढतो. दुसरे असे की, तंबाखूच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे कागदाचा पृष्ठभाग जवळजवळ दीडपट होतो. त्यामुळे निखाऱ्याला बाजूने प्राणवायू सहज मिळतो, पण उष्णताही तितक्याच सहज निसटते. झुरक्याच्या वेळी निखारा ९०० अंशांच्या आसपास तापतो आणि दोन झुरक्यांमध्ये तो ८०० च्या खाली उतरतो. या उतरत्या काळात बारीक निखाऱ्याजवळ उष्णतेची फारशी शिल्लक नसते. जाड सिगारेट तुमच्या चुका पोटात घालते, बारीक सिगारेट त्या लगेच चव्हाट्यावर आणते.

यापुढचा भाग लांबेल, कारण माझे सर्वाधिक महिने इथेच वाया गेले. एसएमडीच्या प्रत्येक पाळीत सिगारेटी तोलल्या जातात, सरासरी वजन आणि प्रमाण विचलन काढले जाते आणि ते मर्यादेत असले की घनता नियंत्रणात आहे असे समजले जाते. आमच्या बारीक नमुन्यांचे आकडे उत्तम होते आणि तरीही त्या सिगारेटी मध्येच भराभर जळत, मध्येच रेंगाळत, आणि अधूनमधून एखादी निवांत विझून जाई. आम्ही ब्लेंडला, कागदाला, पावसाळी हवेला असा सगळ्यांना दोष देऊन झाला. दोष तोलण्याच्या पद्धतीत होता. अख्ख्या सिगारेटचे वजन ही तिच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज असते आणि त्या बेरजेत एका जागचा दाटपणा दुसऱ्या जागच्या पोकळीला गिळून टाकतो.

हे आकड्यांत पाहा. तंबाखूचा भाग ६० मिलिमीटर आणि घनता घन सेंटिमीटरला २४० मिलिग्रॅम धरली, तर बारीक कांडीच्या (कागदात गुंडाळलेल्या तंबाखूच्या भागाच्या) दर १० मिलिमीटरमध्ये सुमारे ५५ मिलिग्रॅम तंबाखू बसते आणि एकूण वजन ३३० मिलिग्रॅम होते. समजा एका तुकड्यात ६३ आणि शेजारच्या तुकड्यात ४७ मिलिग्रॅम आहे. तराजू ३३० च दाखवणार आणि नमुना पास होणार. निखारा मात्र सरासरी जाळत नाही, समोर येईल ते जाळतो. दोन झुरक्यांच्या मधल्या काळात मिनिटाला जळणारी तंबाखू मिलिग्रॅममध्ये मोजली तर ती ढोबळमानाने सारखी राहते, पण जळण्याची रेषा मिलिमीटरमध्ये किती सरकते हे त्या जागच्या घनतेच्या उलट प्रमाणात ठरते. म्हणून ४७ च्या तुकड्यात निखारा पळतो आणि ६३ च्या तुकड्यात अडखळतो. सरासरी दुरुस्त करून, म्हणजे वजन पाच-दहा मिलिग्रॅमने वाढवून, यातले काहीही सुटत नाही. उलट वाचवलेली तंबाखू परत आत जाते आणि दाट जागी ओढ आणखी जड होते.

जाड कांडीत हेच का भोवत नाही, याचेही उत्तर मापातच आहे. तंबाखूच्या चिरीची, म्हणजे चिरलेल्या पानाच्या पट्टीची, रुंदी साधारण ०.८ मिलिमीटर धरली, तर ती ५.४ मिलिमीटरच्या व्यासाचा जवळजवळ सातवा हिस्सा होते. एका काटछेदात मावणाऱ्या चिरी कमी, म्हणून एक काडी (देठाचा तुकडा) किंवा एक गुठळी तिथली घनता सहज बदलून टाकते. यावर चिरी बारीक करा असा सल्ला लगेच मिळतो, आणि तो अर्धाच बरोबर आहे. चिरी बारीक केली की भूसा वाढतो, फिलिंग पॉवर (ठरावीक वजनात जागा भरण्याची क्षमता) घटते आणि तेवढीच जागा भरायला जास्त तंबाखू लागते. त्यापेक्षा काड्या वेगळ्या करणारी यंत्रणा कडक करा आणि रोल केलेल्या देठाचे प्रमाण आधी तपासा.

असमानतेचे दुसरे मूळ सिगारेट मेकरवर, म्हणजे कांडी बनवणाऱ्या यंत्रावर, असते. सक्शन पट्ट्यावर जमलेल्या तंबाखूच्या थराची जादा जाडी ट्रिमर कापतो आणि त्याच्या तबकड्यांवरच्या खाचांमुळे ठरावीक अंतरावर थोडी जास्त तंबाखू शिल्लक राहते. हा दाट भाग सिगारेटच्या पेटवण्याच्या टोकाशी यावा आणि तिथून तंबाखू गळू नये, अशी योजना असते. त्यासाठी चाकूची कापणी आणि ट्रिमरची खाच यांचा मेळ अचूक असावा लागतो. मेळ तीन-चार मिलिमीटर चुकला तर दाट भाग आत सरकतो आणि टोक पोकळ राहते. जाड सिगारेटमध्ये एवढ्या चुकीने टोकाची थोडी गळती वाढते. बारीक सिगारेटमध्ये पहिल्या झुरक्यानंतर निखारा पोकळ टोकातून धावतो, दाट भिंतीवर आपटतो आणि कधी कधी तुटून खाली पडतो. जळता निखारा कोणाच्या कपड्यांवर पडणे हा डिझाइनमधला किरकोळ दोष नव्हे.

तपासण्याची पद्धत स्वस्त आहे. कांडीचे दहा-दहा मिलिमीटरचे तुकडे धारदार ब्लेडने करावेत, प्रत्येक तुकडा चार दशांश स्थळांच्या तराजूवर तोलावा आणि तुकड्याचा क्रमांक पेटवण्याच्या टोकापासून मोजून लिहावा. मायक्रोवेव्हवर चालणारा घनतामापक असेल तर हेच काम क्षणात होते, पण सुरुवातीला हाताने करावे, कारण तुकडे करताना काड्या आणि गुठळ्या डोळ्यांना दिसतात. यंत्र थांबून पुन्हा सुरू झाल्यावर आलेल्या पहिल्या सिगारेटी नमुन्यात घेऊ नका. नमुने २२ अंश तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या खोलीत किमान ४८ तास ठेवल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नका. तंबाखूतला ओलावा टक्काभर वाढला तरी फिलिंग पॉवर उतरते, आणि जुलैमधल्या नमुन्याची मार्चमधल्या नमुन्याशी थेट तुलना करणारे अहवाल मी वरिष्ठांच्या सहीनिशी पाहिले आहेत.

कागदाबद्दल मला थोडे तिखट बोलायचे आहे. जळण्याचा वेग बदलण्यासाठी कागदात सोडियम किंवा पोटॅशियम सायट्रेट असते आणि हवा आरपार जाण्याचे त्याचे प्रमाण कोरेस्टा एककात मोजले जाते. सिगारेट विझते म्हटल्यावर कागद पुरवठादाराचा प्रतिनिधी सायट्रेट वाढवलेला कागद घेऊन हजर होतो. माणूस सज्जन असतो, पण त्याला कागद विकायचा असतो. सायट्रेट वाढवले की विझण्याची तक्रार खरोखरच थांबते, कारण दाट जागासुद्धा जळून जातात. मात्र पोकळ जागा त्याहून वेगाने जळतात, झुरक्यांची संख्या घटते आणि असमानता होती तशीच आत राहते. बारीक कांडीत वजनाच्या मानाने कागदाचा वाटा आधीच जास्त असल्यामुळे जाड सिगारेटचा कागद तसाच वापरणे हेही धोक्याचेच आहे. आधी कांडी एकसारखी करा आणि मगच कागदाला हात लावा. या क्रमावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

फुगवलेल्या तंबाखूचा मोह असाच असतो. चिरलेल्या तंबाखूत द्रव कार्बन डायऑक्साइड मुरवून ती गोठवतात आणि मग गरम वायूच्या झोतात सोडतात; पेशी फुगतात आणि तितक्याच वजनात बरीच जास्त जागा भरते. पूर्वी हेच काम फ्रिऑनने करण्याची पद्धतही होती; १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ती मागे पडली. फुगवलेली तंबाखू ठिसूळ असते आणि भराभर जळते. घेर कमी, घनता कमी आणि फुगवलेली तंबाखू जास्त हे तिन्ही बदल एकाच चाचणीत करा असे तुम्हाला सांगितले जाईल. त्याला नम्रपणे पण ठामपणे नकार द्या. एका वेळी एकच बदल करणारा माणूस बैठकीत संथ दिसतो, पण वर्षाअखेरीस काय कशामुळे झाले हे फक्त त्यालाच सांगता येते.

मार्गदर्शक कोणाला मानावे, हा प्रश्न नवे लोक वारंवार विचारतात. परदेशातून येणारे सल्लागार तयार नुस्खे आणतात, आणि ते त्यांच्या पानासाठी, त्यांच्या यंत्रासाठी, त्यांच्या हवेसाठी तयार झालेले असतात. गुंटूर आणि म्हैसूर भागातल्या व्हर्जिनिया पानावर ते जसेच्या तसे लागू पडतील असे मानू नका. मेकरवर आयुष्य काढलेला ऑपरेटर मात्र आवाजावरून सांगतो की ट्रिमरच्या तबकड्यांना धार उरलेली नाही. त्याच्या शेजारी उभे राहा आणि त्याने सांगितलेले वहीत उतरवा. त्याला मानाने हाक मारा, कारण त्याच्या वयाच्या माणसाला एकेरीत बोलणाऱ्या इंजिनीअरला कारखान्यात काहीही शिकायला मिळत नाही.

एक गोष्ट मी कधीही लपवत नाही आणि तुम्हीही लपवू नये. बारीक सिगारेट कमी घातक नसते. यंत्रावर डांबर आणि निकोटिनचे आकडे कमी येतात, पण यंत्र ठरल्या मापाचा झुरका घेते आणि माणूस आपल्या गरजेपुरता, खोल आणि वारंवार घेतो, फिल्टरवरची छिद्रे नकळत बोटांनी झाकतो. कॅनडाच्या तीव्र चाचणीत ५५ मिलिलिटरचा झुरका अर्ध्या मिनिटाला एक आणि छिद्रे बंद अशी पद्धत याच कारणाने आली. सिगारेटच्या पाकिटांवर ‘लाइट’, ‘माइल्ड’ असे शब्द वापरण्यास युरोपीय संघाने २००३ मध्ये आणि अमेरिकेने २०१० मध्ये मनाई केली. त्यामुळे मार्केटिंगने तुमच्या अहवालातला आकडा सौम्यतेचा पुरावा म्हणून मागितला, तर तो आकडा कोणत्या पद्धतीने मोजला हे त्याच ओळीत लिहून द्या आणि त्याखाली सही करा.

घरच्यांना तुमचे काम आवडणार नाही आणि त्यांचे म्हणणे चूक नाही. तुम्हालाही कधीतरी हे क्षेत्र सोडावेसे वाटेल, आणि तेव्हा घाबरायचे कारण नाही. सच्छिद्र पदार्थातून हवा कशी वाहते, ओलाव्याने आकारमान कसे बदलते, वेगवान यंत्रावर नमुना कसा घ्यावा, हे इथे पक्के शिकलेल्या माणसाला कागद, पॅकेजिंग आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत मागणी असते. माझे काही सहकारी तिकडे गेले आणि समाधानात आहेत.

मुलाखतीला गेलात तर पगाराआधी एवढेच विचारा: कांडीची घनता लांबीनुसार कशी मोजता? घनतामापक आहे किंवा तुकडे करून तोलतो, यांपैकी कोणतेही उत्तर चालेल. ‘आमचे वजनाचे नियंत्रण उत्तम आहे’ असे उत्तर आले, तर पहिले काही महिने एका चांगल्या तराजूच्या मंजुरीसाठी अर्ज करण्यात जातील असे धरून चाला आणि त्या अर्जाला वरच्या ६३ आणि ४७ मिलिग्रॅमचे उदाहरण जोडा.