दहा बाय बाराच्या खोलीत ऑफिसची मीटिंग आणि शाळेचा तास

मीटिंग आणि मुलांचा तास एकाच वेळी सुरू झाला की चित्र अडकतं आणि पहिला राग निघतो इंटरनेटच्या प्लॅनवर. १०० एमबीपीएस वेगाचा प्लॅन २०० चा होतो, चित्र अडकतंच. खरं तर ग्रुप व्हिडिओ कॉलला साधारण ३-४ एमबीपीएस पुरतात. दोन कॉलचे ८ धरले तरी ४० चा प्लॅन पुरून उरतो. दुखणं बहुधा घरातच असतं.

आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा, मग नेहमीच्या जागेवर बसून वाय-फायवर. केबलवर ९० आणि जागेवर १२ आले, तर केबलवाल्याशी भांडू नका, राउटर हलवा. केबलवरच रड असेल तर तक्रार करा.

चाळीत राउटर हमखास पोटमाळ्यावर जातो, कारण वायर तिथूनच आत येते. शेजारी पत्र्याच्या ट्रंका आणि पितळी पातेली, खाली लोखंडी कपाट. धातू लहरी अडवतो. राउटर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या भिंतीला लावा, फ्रीज आणि कपाटापासून लांब. फायबर, म्हणजे प्रकाशातून इंटरनेट आणणारी काचेची बारीक वायर, हलवावी लागली तर तिचं वेटोळं बांगडीपेक्षा लहान करू नका, दाराच्या फटीत तर मुळीच चेमटू देऊ नका. फार वाकली की आतला प्रकाश बाहेर निसटतो. फायबर जिथे जोडतात त्या डब्यावरचा ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकतोय? मग दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही, माणूसच बोलवावा लागतो.

आता शेजारी. एका मजल्यावर वीसेक वाय-फाय असतात आणि २.४ गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या नेहमीच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये (पत्ता तळाच्या स्टिकरवर असतो) ५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्याला वेगळं नाव द्या आणि कामाची यंत्रं त्यावर घ्या. ते भिंतीपलीकडे लवकर ढेपाळतं, पण एकाच खोलीत त्याची फिकीर नाही. ऑफिसचा लॅपटॉप शक्यतो केबलवरच ठेवा.

आवाजासाठी वायरचा माइकवाला हेडफोन घ्या. ब्लूटूथही २.४ वरच चालतं, शिवाय माइक सुरू होताच त्याचा आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो. दोघांनी पाठीला पाठ लावून बसा. कुकर चढवलाय? म्यूटवर राहा, कॉम्प्युटरवरच्या झूममध्ये स्पेसबार दाबून ठेवला की तेवढ्यापुरता माइक सुरू होतो.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न मुंबईत कुणी फारसा विचारत नसे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि ऑनलाइन परीक्षाही पुढे ढकलाव्या लागल्या. राउटरला मिनी यूपीएस (वीज गेल्यावर तो चालू ठेवणारी छोटी बॅटरी) लावा, पण अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे जुळवून. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं. अँपिअर १, १.५ किंवा २. यूपीएस त्याहून कमी अँपिअरचा असेल, तर राउटर मधेच रिस्टार्ट होत राहतो. खोक्यावरचे ८,८०० एमएएच बहुधा ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. १० वॉटच्या राउटरला अडीच तास धरा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा.

आणि केबलवाल्याला एक विचाराच: “जिन्यातल्या तुमच्या पेटीला वीज लागते का?” घरात थेट फायबर आली असेल तर बहुधा लागत नाही. जिन्यातून लॅन वायर आली असेल तर तिथला स्विच (घराघरांत इंटरनेट वाटणारा डबा) इमारतीबरोबरच झोपतो आणि तुमचा यूपीएस शोभेचा ठरतो.

तेव्हासाठी दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. फोन खिडकीत, यूएसबी टेदरिंगने (वायरीतून फोनचं इंटरनेट देऊन) लॅपटॉपला जोडलेला. व्हिडिओ कॉल तासाला साधारण १ जीबी खातो. रोजचा दीड जीबी दुपारच्या आत संपवायचा नसेल तर कॅमेरा बंद ठेवा आणि फोनचा फोटो बॅकअपही.