थ्रिलरचं शीर्षक उशिरा वाचता यायला हवं

थ्रिलरचं पोस्टर करायला बसलं की नव्या मुलांचा हात आधी काळ्या-लाल रंगाकडे जातो. माझाही गेला होता. पहिल्याच कामात मागे पाऊस, मध्ये सुरा, कोपऱ्यात रक्ताचे थेंब, शीर्षकाला तडे, असं सगळं कोंबलं. आमच्या सीनियरने पाहिलं आणि एवढंच विचारलं, "खून कोणी केला तेही लिहून टाकतेस का?"

त्या रात्री ‘एलियन’ची (1979) श्रेयनामावली फ्रेम-फ्रेम करून पाहिली. रिचर्ड ग्रीनबर्ग यांचं काम. काळं अवकाश, ग्रहाजवळून सावकाश सरकणारा कॅमेरा, आणि वरच्या बाजूला लांब लांब उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा. एक उभी रेघ दिसते. ती अक्षर आहे की नुसती खूण, कळत नाही. शब्द पुरता वाचता येईपर्यंत मिनिटभराहून जास्त वेळ जातो. भीतीदायक असं पडद्यावर काहीच नसतं. अक्षरंही साधीच.

मी लगेच पाच अक्षरांचं एक नाव घेऊन नक्कल केली. दर 12 फ्रेमनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाला, एक अक्षर. झालं काय, तर घड्याळाची टिकटिक. तिसऱ्या अक्षरालाच मन पुढचं मोजून मोकळं. मग अंतरं बिघडवली: 40, 40, 9, आणि शेवटच्या अक्षराआधी तब्बल 70. त्या 9वर मैत्रीण दचकली आणि 70 फ्रेम श्वास धरून बसली. हा प्रयोग स्वतः करून बघाच, वाचून कळत नाही.

‘सायको’ची (1960) सॉल बास यांनी केलेली टायटल्स मात्र आवाज बंद करून पाहा. करड्या पट्ट्या येतात, नावं चिरली जातात, पुन्हा जुळतात. बर्नार्ड हर्मनच्या संगीतात फक्त तंतुवाद्यं आहेत. ती काढली की धसका निम्म्याने ओसरतो. म्हणून तात्पुरतं का होईना, संगीत हातात आल्याशिवाय टाइमलाइनला, म्हणजे काय कधी दिसणार त्या मांडणीला, हात लावू नका.

पोस्टरला वेळ नसतो, फक्त जागा असते. ‘जॉज’च्या (1975) पोस्टरवर रॉजर कॅस्टेल यांनी शार्क उघड दाखवलाय, पण वर पोहणाऱ्या बाईला तो माहीत नाही. अंगठ्याने शार्क झाका: सुट्टीचं चित्र. अंगठा काढा आणि दोघांमधलं ते पाणी बघा. सगळं काम तेवढ्या पट्टीत चाललंय. (गंमत म्हणजे सिनेमात शार्क बराच वेळ धड दिसतही नाही.)

प्रत्यक्ष नोकरीत अशी पट्टी मिळणं अवघड. एका निर्मात्याने माझी रिकामी जागा भरून चौघांचे चेहरे बसवायला लावले. कोणाचा केवढा, ते करारातच होतं. तेव्हापासून स्केच काढण्याआधी मी नावांचा क्रम आणि चेहऱ्यांच्या अटी मागून घेते. आणि प्रत्येक पोस्टर मोबाइलवर तिकिटाएवढं करून बघते. ओटीटीवर बहुतेकांना ते तेवढंच दिसतं, आणि त्या आकारात माझा सुरा पेनासारखा दिसत होता.