मुंबईत मालवाहतुकीसाठी पहिली गाडी घेताना: बोलेरो पिकअप की इंट्रा?

जुन्नर, आंबेगाव, माण, खटाव अशा तालुक्यांतून मुंबईत नव्याने आलेली आणि मालवाहतुकीच्या धंद्यात उतरू पाहणारी मुले वाशीच्या बाजारात किंवा साकीनाक्याच्या टेम्पो स्टँडवर भेटली, की बोलणे लवकरच एका प्रश्नावर येते: महिंद्राची बोलेरो पिकअप घ्यावी की टाटाची इंट्रा? प्रश्न रास्त आहे. छोटा हत्ती (टाटा एस) लवकरच अपुरा पडू लागतो, टाटाचा मोठा टेम्पो ४०७ घेण्याइतके भांडवल हाताशी नसते, आणि या दोहोंच्या मधल्या, दीड टनाच्या आसपास माल नेणाऱ्या गाड्यांमध्ये याच दोन गाड्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतात. मी स्वतः जुन्नर तालुक्यातून येऊन या धंद्यात स्थिरावलो आहे आणि दोन्ही गाड्या चालवल्या आहेत, म्हणून जे समजले ते नीट मांडावे असे वाटते. माझे मत आधीच सांगतो: गाडीचे नाव शेवटी ठरवावे, आधी आपला माल कोणता, तो कुठून उचलायचा आणि कोणत्या गल्लीत उतरवायचा हे ठरवावे. मुंबईत हा क्रम उलटा झाला, की हप्ता भरताना दमछाक होते.

म्हणून पहिला सल्ला असा, की मुंबईत पाऊल ठेवल्याबरोबर गाडी बुक करू नये. काही महिने दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून काम करावे आणि शक्य असेल तर दोन्ही कंपन्यांच्या गाड्या चालवून पाहाव्यात. त्या काळात वाशीच्या कांदा-बटाटा, भाजी, फळ, मसाला आणि दाणा या पाच बाजारांची रीत समजते, हमाली आणि वाराई (माल भरण्या-उतरवण्याचे पैसे) कोण देतो हे कळते, मसजिद बंदर, भुलेश्वर, काळबादेवी इथल्या गल्ल्या अंगवळणी पडतात आणि कोणते भाडे परवडते याचा अंदाज येतो. परवान्याची चिंता फारशी नको. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असेल तर एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाचे मालवाहू वाहन चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. या दोन्ही गाड्या त्या मर्यादेच्या बऱ्याच आत बसतात.

आता गाड्यांकडे वळू. बोलेरो मॅक्स पिकअपमध्ये सिटी आणि एचडी असे दोन गट आहेत. दोन्हींत २,५२३ सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे आणि गाडीच्या प्रकारानुसार १.३ टनापासून २ टनापर्यंतची पासिंग, म्हणजे माल नेण्याची मंजूर मर्यादा, मिळते. इंट्रामध्ये आपल्या कामाच्या दोन गाड्या म्हणजे व्ही३० आणि व्ही५०. दोन्हींचे इंजिन १,४९६ सीसीचे, पण व्ही३० ची पासिंग १,३०० किलोची आणि व्ही५० ची १,५०० किलोची. बोलेरोचा एचडी प्रकार आणि इंट्रा व्ही५० यांची माहितीपत्रके शेजारी ठेवली तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते: दोन्हींची ताकद ८० अश्वशक्तीच्या घरात आणि टॉर्क (ओढण्याचा जोर) २२० न्यूटन मीटर, म्हणजे कागदावर दोन्ही बरोबरीच्या. शोरूममध्ये बसलेला नवखा माणूस इथेच अडखळतो आणि मग किंमत व हप्ता पाहून निर्णय घेतो.

कागदावरची ही बरोबरी रस्त्यावर टिकत नाही, आणि त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. बोलेरोचे इंजिन एक लिटरने मोठे आहे. भरल्या गाडीने माळशेज किंवा खंबाटकी चढताना ते जोर न लावता, संथपणे ओढते आणि दिवसभर ओढत राहते. या घराण्याची इंजिने गावोगावच्या मेकॅनिकने इतकी वर्षे उघडलेली आहेत, की ओतूरला किंवा मुरबाडला रात्री गाडी बंद पडली तरी हात लावणारा माणूस मिळतो. इंट्रा व्ही५० चे लहान इंजिन तेवढाच टॉर्क टर्बोच्या बळावर देते. शहरात, जिथे गाडी दर शंभर पावलांवर थांबते, तिथे हेच लहान इंजिन डिझेल वाचवते. त्यात इको स्विच आहे आणि गिअर कधी बदलावा हे दाखवणारा सूचक आहे. नव्या चालकाने त्या सूचकाकडे मनापासून लक्ष दिले, तर हाफ क्लचवर गाडी रेटण्याची सवय लवकर सुटते आणि क्लच प्लेट जास्त टिकते. गिअरचा दांडा डॅशबोर्डवर असल्याने डाव्या दाराने चढता-उतरताना पायात काही येत नाही. ज्या रस्त्यावर उजवीकडून वाहने घासून जातात, तिथे ही सोय रोज उपयोगी पडते.

त्याहूनही मोठा फरक आहे लांबीचा. बोलेरोचे बॉनेट पुढे लांब आलेले आहे, इंट्राचे नाक आखूड आहे. त्यामुळे हौदा, म्हणजे माल ठेवायची मागची जागा, जवळपास सारखा असला तरी इंट्राची एकूण लांबी कमी भरते. व्ही५० चा हौदा २,९६० मिलिमीटर लांब आहे आणि बोलेरो मॅक्सच्या सर्वांत मोठ्या प्रकाराचा ३,०५०, म्हणजे हौद्यातला फरक जेमतेम चार बोटांचा. पण भुलेश्वरच्या वळणावर, दादरच्या फुलबाजाराबाहेर पहाटेच्या गर्दीत किंवा धारावीतल्या कारखान्यासमोर गाडी एका दमात वळते की दोनदा मागेपुढे घ्यावी लागते, हे बाहेरची लांबी ठरवते. दोनदा मागेपुढे घेतली, की मागे हॉर्नचा गजर सुरू होतो आणि हमाल फाळका (हौद्याची उघडणारी बाजू) उघडायच्या आधीच वाहतूक पोलीस समोर उभा राहतो. रात्री गाडी लावायलाही तीच अडचण येते. चाळीच्या तोंडाशी किंवा सोसायटीच्या भिंतीलगत जी जागा मिळते, तिची लांबी टेपने मोजून मगच गाडीचा प्रकार ठरवावा. हे मोजमाप फारच थोडे लोक करतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

मालाचा हिशेबही असाच प्रत्यक्ष मांडून करावा. कांद्याची गोणी पन्नास किलोची धरली, तर दीड टनाच्या गाडीत तीस गोण्या बसतात, आणि तीस म्हणजे तीसच. नारायणगावहून टोमॅटो आणायचे असतील तर वीस किलोचे कॅरेट स्वतःच्या वजनासह बावीस किलोच्या आसपास जाते. हौद्यात एका थरात सोळा कॅरेट मांडली, तर चार थरांचे वजन चौदाशे किलो होते. पाचवा थर चढवला की साडेसतराशे होते, आणि गाडी दीड टनाची असेल तर पासिंग तिथेच ओलांडली जाते. मालाच्या धन्याला पाचवा थर हवाच असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा मालासाठी २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, आणि माल हौद्याच्या बाहेर डोकावत असेल तर त्यालाही वेगळा २०,००० रुपये दंड आहे. एका दंडात कितीतरी फेऱ्यांची कमाई जाते. पाचवा थर रोजच लागणार असेल, तर दीड टनाच्या गाडीवर तो लादू नये. २ टन पासिंगची बोलेरो घ्यावी, किंवा टाटाचीच योधा २.० पाहावी. तिची पासिंग २ टनाची आणि इंजिन २.२ लिटरचे आहे.

मात्र मोठ्या पासिंगसोबत आणखी एक जबाबदारी येते. मालासह गाडीचे एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल, तर मालवाहतुकीच्या परमिटची गरज नसते. इंट्रा व्ही५० या मर्यादेत बसते. १.७ आणि २ टनाच्या गाड्या ती ओलांडतात आणि त्यांना परमिट काढावे लागते. यात घाबरण्यासारखे काही नाही, फक्त ते काम आणि त्याचा खर्च आधी धरावा. फिटनेस तपासणी मात्र दोन्हींना आहे: पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. गावच्या पत्त्यावर, म्हणजे आमच्याकडे एमएच १४ वर, नोंदवलेली गाडी मुंबईत चालवायला हरकत नाही, राज्यातल्या राज्यात नंबर बदलून घ्यावा लागत नाही. त्यामुळे मुंबईतल्या भाडेकरारासाठी खरेदी अडवून ठेवू नये.

इंधनाबद्दल नवे लोक फार चौकशी करतात, पण खरा प्रश्न वेगळाच असतो. बीएस ६ (सध्याच्या प्रदूषण नियमांची) डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून सलग आणि बऱ्या वेगाने धावावी लागते. कुर्ला ते साकीनाका आणि साकीनाका ते कुर्ला एवढ्यातच दिवसभर रांगणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा दिसल्यावर “उद्या बघू” म्हणू नये. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पहाटे पूर्व द्रुतगती मार्गावर गाडी सलग चालवावी. ज्यांचे सगळेच काम आखूड फेऱ्यांचे आहे, त्यांनी सीएनजीचा विचार करावा. इंट्रा व्ही२० सीएनजीवर चालते, सोबत पेट्रोलची टाकीही असते, पण पासिंग एक टनाचीच आहे. बोलेरो मॅक्स सिटीच्या सीएनजी प्रकाराला १.२ टन मिळतात. गॅसचा खर्च कमी येतो हे खरे, पण पंपावरच्या रांगेत जाणारा वेळही खर्चात धरावा लागतो. पहाटे तीनला बाजार गाठायचा असणाऱ्याने टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवावी.

पावसाळ्यासाठी थोडेच सांगतो. दोन्ही गाड्यांना मागे पाट्यांची स्प्रिंग आहे आणि जोर मागच्या चाकांना मिळतो, त्यामुळे रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून घसरते. रिकामे परतताना वेग आवरावा. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी साचले असेल तर गाडी घालू नये. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावरून मासळी नेणाऱ्यांनी हौद्याच्या सांध्यांत साचलेले खारे पाणी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावे, नाहीतर दुसऱ्याच वर्षी पत्रा फुगून येतो. याबाबतीत दोन्ही कंपन्यांचा पत्रा सारखाच आहे.

पैशांचा हिशेब करताना जुन्या मित्रांनी सांगितलेल्या किमती धरू नयेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. दुसरीकडे, ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लावण्याचे राज्याने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. म्हणून शोरूमच्या किमतीवर न जाता कर, विमा आणि नोंदणी धरून हातात पडणारी किंमत दोन्ही दुकानांतून लेखी घ्यावी. मुद्रा कर्जाची चौकशी बँकेत जरूर करावी. मराठा समाजातील मुलांनी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना पाहावी. त्यात हप्ता आपण वेळेवर भरायचा असतो आणि व्याज महामंडळ परत करते, त्यामुळे एकही हप्ता चुकवून चालत नाही. हप्ता ठरवताना महिन्याला सव्वीस दिवस गाडी फिरेल असे कधीच धरू नये. गणपतीत, दिवाळीत, अतिवृष्टीत आणि बाजार बंदच्या दिवशी गाडी उभी राहते. वीस दिवसांच्या कमाईतून हप्ता, विमा, टायर आणि घरखर्च निघत असेल तरच सही करावी.

आता माझा स्पष्ट कौल. ज्याचे काम वाशी, भिवंडी आणि शहराच्या आतल्या दुकानांदरम्यानचे आहे, किराणा, कापड, औषधे, घरसामान असा माल आहे आणि गाडी लावायला जागा तोकडी आहे, त्याने इंट्रा घ्यावी: माल हलका असेल तर व्ही३० आणि गोण्यांचा असेल तर व्ही५०. ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा घाट ओलांडून गावाकडचा शेतमाल आणायचा आहे, लोखंड किंवा फरशी न्यायची आहे, कळंबोली आणि दारूखाना या बाजूचे काम आहे, त्याने बोलेरो घ्यावी, आणि घेताना एचडीच घ्यावी. जुनी विकायला काढल्यावर गावाकडे बोलेरोला गिऱ्हाईक पटकन मिळते, असे मी पाहत आलो आहे. चार-पाच वर्षांनी गावी परतण्याचा विचार असणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे. दोन्ही प्रकारचे काम थोडे थोडे असेल, तर ज्या कामाचे पैसे रोख आणि वेळेवर मिळतात, त्या कामाची गाडी निवडावी.

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी सोबत जाणता चालक न्यावा आणि दिवसाउजेडी जावे. चेसिस व इंजिनाचा क्रमांक कागदांशी ताडून पाहावा, फाळक्याच्या तिन्ही बाजूंच्या कड्या उघडून-लावून पाहाव्यात, स्टेपनी, जॅक आणि पाना जागेवर आहेत याची खात्री करावी. पहिल्या सर्व्हिसची तारीख किंवा किलोमीटर, यांतले जे आधी येईल ते, त्याच दिवशी मोबाईलमध्ये नोंदवून ठेवावे. विम्याची प्रत आणि नोंदणीची पावती हातात पडेपर्यंत पहिले भाडे घेऊ नये.